हिल्सबरोच्या घरातलं अधिरसम

अप्पा,

परवा तुमच्या नातीने मला विचारलं, की ती जन्मली त्या दिवशी घरात कोण कोण होतं. युनिव्हर्सिटीत कुठल्याशा असाइनमेंटसाठी तिला घरातली एक गोष्ट लिहून न्यायची होती. मराठी तिला सगळी कळते, पण बोलते इंग्रजीत, त्यामुळे प्रश्नही इंग्रजीतच आला. मी सांगितलं, की तुझे बाबा पामर्स्टन नॉर्थला होते, घरात आजोबा आणि मी, आजोबांनी अँब्युलन्स बोलावली. "स्वीट," म्हणून ती लिहायला निघून गेली. तिला पुरेल एवढं मी सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मागाहून भांडी पुसताना लक्षात आलं, की त्या दुपारी जे झालं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या मुलालाही नाही. ते तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत, आणि तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं झाली.

आमच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत. अम्मा एकट्या आल्या, तिरुचीहून पुण्यापर्यंत, मांडीवर एक डबा घेऊन. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात माझ्या आईने तो उघडला आणि म्हणाली, "अहो, हे तर अनारसेच." अम्मांना ना मराठी येत होती ना हिंदी. त्या दोघी बराच वेळ तिथे उभ्या राहून हातवाऱ्यांनी बोलत होत्या. आमच्या अनारशाला जाळी पडते आणि एका बाजूला खसखस लागते. तुमचं अधिरसम जाड, गुळाच्या रंगाचं, वरून गुळगुळीत, आत वेलची आणि सुंठ. तांदूळ तोच, भिजवून सावलीत अर्धवट वाळवायचा तोच, गूळ तोच. त्या लग्नात आपल्या दोन घरांमध्ये झालेलं बोलणं एवढंच. तुमच्या मुलाने सगळा दिवस दाराकडे बघत काढला आणि संध्याकाळी मला म्हणाला, आता त्यांचं नाव काढायचं नाही.

नाव कुणीच काढलं नाही. आम्ही ऑकलंडला आलो, हिल्सबरोत ते उतारावरचं लाकडी घर भाड्याने घेतलं, मागच्या डेकवर उभं राहिलं की खाली मानुकाऊच्या खाडीचं पाणी दिसायचं, ओहोटीला नुसता चिखल. फोनची कार्डं मिळायची त्या काळात, नंबर खरवडून काढायचा आणि मग बोलायचं. तुम्ही सकाळी फिरायला गेलात की अम्मा फोन उचलायच्या. हे तुम्हाला तेव्हा कळलं नाही. आधी आमचं बोलणं म्हणजे "साप्पिट्टिया?", "साप्पिट्टेन", जेवलीस का, जेवले. मग स्वयंपाकघरातले शब्द आले, मग नातेवाईक, मग तक्रारी. मी घरी कुणाला न सांगता तमिळ शिकत गेले, अर्धीमुर्धी, ऐकलेली. तुमच्या मुलाशी मी इंग्रजीतच बोलायचे. त्याला तमिळ घरात नको होती, ती ऐकली की तुम्ही आठवायचात.

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा डोहाळे म्हणून मला काही सुचेना, आणि एकदा फोनवर मी अम्मांना म्हटलं, तुमचं ते अधिरसम खावंसं वाटतंय. त्या इतक्या खूश झाल्या. पाठवते म्हणाल्या. ते आलं नाही. मी वाटही पाहिली नाही खरं तर, कारण पाचव्या महिन्यात बाळ गेलं आणि पुढे कुठलंच खाणं आठवेनासं झालं. अम्मांनी त्यानंतरच्या फोनवर अधिरसमचा विषय काढला नाही. वर्षभरात त्याही गेल्या.

मग तुम्ही आलात. एकुलत्या एका मुलाकडे यायचं नाही तर जायचं कुठे, असं तिरुचीचे लोक म्हणाले असतील. विमानतळावर तुम्ही तुमच्या मुलाशी हस्तांदोलन केलंत, माझ्याकडे बघून मान हलवलीत. सगळा जन्म स्टेशनमास्तर म्हणून काढलेला माणूस तुम्ही, कमी बोलायचं आणि ते दोनदा बोलावं लागू नये असं बोलायचं. मला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते. थोड्याच दिवसांत स्कॅनमध्ये दिसलं की बाळाची वार खाली आहे. मिडवाइफ घरी यायची, दारातूनच "किआ ओरा" म्हणायची, तुम्ही तिला उठून नमस्कार करायचात. तिने माझ्यासमोर, तुमच्यासमोर नीट सांगितलं. झोपून राहायचं. जिने नाहीत, ओझी नाहीत. आणि रक्त दिसलं तर वाट बघायची नाही, थोडंच आहे म्हणायचं नाही, तडक अँब्युलन्सचा एक-एक-एक फिरवायचा. तुम्ही ते वाक्य तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलंत.

तुमच्या मुलाला नेमकं तेव्हाच पामर्स्टन नॉर्थचं काम मिळालं होतं. ते सोडलं असतं तर आमच्या राहण्याचंच अवघड झालं असतं. आई पुण्याहून यायची होती, पण बाबांचं ऑपरेशन निघालं आणि तिचं तिकीट पुढे गेलं. म्हणून सोमवारी पहाटे तो गाडी काढायचा ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या घरात तुम्ही आणि मी. बंद दारामागे मी, स्वयंपाकघरात तुम्ही. तुम्ही भात, रसम, एखादी भाजी करायचात, दाराबाहेरच्या स्टुलावर ताट ठेवायचात, दार वाजवायचात आणि मी दार उघडायच्या आत निघून जायचात. मला कधी नावाने हाक मारली नाहीत. मराठी तुम्हाला कळत नव्हती, काही सांगायचं असलं तर इंग्रजीत, 'यू' न वापरता. "फूड इज रेडी." "मिडवाइफ हॅज कम." मी पडल्या पडल्या तुमची पावलं ऐकायचे. लाकडी घरात सगळंच ऐकू येतं.

म्हणूनच तो फोन ऐकू आला. तुम्ही बाहेरच्या खोलीत तिरुचीच्या तुमच्या बहिणीशी बोलत होतात, हळू आवाजात, आणि मध्ये मध्ये वाऱ्याने डेकचं सरकतं दार खडखडत होतं. सगळं नाही कळलं. पण दोन गोष्टी अगदी स्वच्छ ऐकल्या. "केक्कलै." ऐकलं नाही. आणि लगेच, "कोळंदै पोयिडुच्चु." बाळ गेलं.

म्हणजे, हिने ऐकलं नाही म्हणून हिचं पहिलं बाळ गेलं.

मी तेव्हा नोकरी करत होते, शेवटपर्यंत बसने जात-येत होते, अम्मा मला जपून राहा म्हणायच्या आणि मी हसायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते पातळ झालं होतं. आणि आता भिंतीपलीकडून एक माणूस ते माझ्या सासरच्या नातेवाइकांना सांगत होता. मी उठून बाहेर येऊन बोलायला हवं होतं. पण उठायचं नव्हतं. शुक्रवारी नवरा आला तेव्हाही मी गप्प राहिले. सांगितलं असतं तर त्याने तुमची बॅग त्याच दिवशी दाराबाहेर ठेवली असती, आणि मग सोमवारपासून मी त्या घरात एकटी. मला तुमची गरज होती, अप्पा, आणि ती असणं मला सहन होत नव्हतं. त्या दिवसापासून मी ताट अर्धं परत ठेवायला लागले. तुम्ही दुसऱ्या दिवशी भात मऊ करायचात, मीठ कमी करायचात. विचारलं मात्र नाहीत.

दिवाळी जवळ आली. इथे तेव्हा वसंत असतो, वारा थांबत नाही. एका शनिवारी तुम्ही मुलाबरोबर सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात जाऊन तांदूळ आणि गूळ घेऊन आलात. दुसऱ्या दिवशी तुमची पांढरी वेष्टी, ती लुंगीसारखी नेसायची, बाहेरच्या खोलीत जमिनीवर पसरलेली आणि त्यावर भिजवलेले तांदूळ. मी बाथरूमला जाताना बघितलं आणि थांबले. अम्मांना जाऊन वर्ष झालेलं नव्हतं. दुखवट्याच्या वर्षात तुमच्याकडे सणाचं गोड करत नाहीत, हे अम्मांनीच कधीतरी सांगितलेलं मला माहीत होतं. तुम्ही काय करता आहात हे मी विचारलं नाही. मनात आलं, बायकोचं वर्ष सरलं नाही आणि यांना अधिरसम खायचंय.

पहिला घाणा फसला. इथला गूळ फिका, पाक कुठे थांबवायचा याचा अंदाज आला नसणार, पीठ तेलात टाकल्यावर विरघळून गेलं. घरभर करपट वास, स्मोक अलार्म वाजतोय आणि तुम्ही खुर्चीवर चढून त्याला वर्तमानपत्राने वारा घालताय. मी दारातून म्हटलं, "अप्पा, प्लीज, मला या वासाने मळमळतं. नका करू." तुम्ही खुर्चीवरून उतरलात. म्हणालात, "वन्स मोअर. दॅट इज ऑल." मी दार लावून घेतलं, जरा जोरातच.

दुसऱ्या खेपेचं पीठ तुम्ही काही दिवस मुरू दिलंत. मग ती दुपार. मी अंथरुणात पडून आहे, स्वयंपाकघरात तेल तापतंय, तुम्ही खिडक्या सगळ्या उघडल्या आहेत, आणि या वेळी वास चांगला आहे, गूळ आणि वेलची, मला तो आवडतोय याचाच राग येतोय. मी कुशीवर वळते आणि खाली ओलं लागतं. दुखत काहीच नाही. पांघरूण बाजूला करते. चादर लाल आहे आणि ते लाल पसरतंय.

"अप्पा," मी हाक मारते.

"वन मिनिट," तिकडून आवाज येतो.

मी परत हाक मारते. पावलं येत नाहीत. झाऱ्याचा आवाज येतो, भांडं सरकवल्याचा आवाज येतो. त्या घरातली विजेची शेगडी आठवते ना, गोल वेटोळ्यांची, बटण बंद केलं तरी कितीतरी वेळ लालच राहायची? तुम्ही कढई त्यावरून उतरवत होतात. मला एवढंच कळत होतं की मी मरते आहे, बाळ मरतं आहे, आणि हा माणूस त्याचं तळण बघतोय. आणि मी ओरडले. ते इंग्रजीत आलं नाही, मराठीतही नाही.

"अडुप्पै विडुंगो, अप्पा! इंगे वांगो!" ती शेगडी सोडा, इकडे या.

तुम्ही दारात आलात. हातात बिनतारी फोन होता, कानाला लावलेला. म्हणजे मी 'इकडे या' म्हणून ओरडण्याआधीच तुम्ही तो उचलला होता. तुम्ही चादर पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि त्या एका क्षणात तुमच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकाच वेळी आल्या, ते रक्त आणि माझ्या तोंडची तमिळ, हे मला दिसलं. पण फोनवर पलीकडून कुणी तरी बोललं आणि तुमचा आवाज निघाला, स्टेशनवरचा, एकेक शब्द सुटा. पत्ता सांगितलात, उतारावरचं घर, निळा लेटरबॉक्स, गाडी मागे वळवायला जागा नाही. बाई गरोदर, आठवा महिना, वार खाली, रक्त खूप. तिने काही विचारलं, तुम्ही "रिपीट प्लीज" म्हणालात, तिने पुन्हा सांगितलं आणि तुम्ही तसंच केलंत. कपाटातले सगळे टॉवेल आणलेत. मला डाव्या कुशीवर वळवलंत. तोवर तुम्ही मला कधी हात लावला नव्हता, आशीर्वादापुरताही नाही.

स्वयंपाकघरात अलार्म पुन्हा वाजायला लागला होता. तुम्ही दार लावून घेतलंत आणि माझ्या पलंगाशी जमिनीवर बसलात. फोन कानाला, दुसऱ्या हातात माझं मनगट, बहुधा त्या बाईने नाडी बघायला सांगितलं असावं. आणि भीतीने माणूस कसा क्रूर होतो, बघा, मी तुम्हाला तमिळमध्येच म्हटलं, "या वेळी मी ऐकलं. मिडवाइफने सांगितलं ते सगळं ऐकलं. आता तुमच्या बहिणीला काय सांगणार?"

तुमची बोटं मनगटावरून सुटली नाहीत, एवढं आठवतं. मग बाहेर टायर वाजले.

अँब्युलन्समध्ये तुम्ही होतात तसेच चढलात, वेष्टीत, पायात मुलाचे जांडल्स, त्या रबरी सपाता, हाताला गुळाचं पीठ. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर धावता धावता तुम्हाला विचारत होते की आपण कोण, आणि तुम्ही म्हणालात, "फादर ऑफ द हजबंड. हजबंड इज ऑन द रोड. यू डोन्ट वेट फॉर हिम." मग दारं बंद झाली. त्यापुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. मुलगी जिवंत होती, फार लहान होती, काचेच्या पेटीत होती. माझं खूप रक्त गेलं होतं. संध्याकाळी नवरा पोचला तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीत, तसेच ताठ बसलेले. तो म्हणतो, त्याने तुमच्या पायाशी बसून रडायला सुरुवात केली आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा तर हाताला पीठ आहे म्हणून आधी तो वेष्टीला पुसलात.

चार-सहा दिवसांनी, नवरा मुलीच्या पेटीजवळ असताना, तुम्ही माझ्या वॉर्डात आलात. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात अधिरसम होतं. तुम्ही घरी जाऊन उरलेलं पीठ तळलं होतं. डबा टेबलावर ठेवून तुम्ही बसलात आणि प्रथम शेगडीचं बोललात, इंग्रजीत. "घर लाकडाचं. तू उठू शकत नव्हतीस. आग लागली असती तर मला तुला उचलून नेता आलं नसतं." मी म्हटलं, मला कळतंय. खरं तर ते मला तेव्हा नुकतंच कळत होतं.

मग तुम्ही तमिळमध्ये विचारलंत, "तुला कुणी शिकवलं?"

"अम्मांनी. फोनवर. तुम्ही फिरायला गेल्यावर."

तुम्ही खिडकीकडे बघत राहिलात. तुमची बायको रोज सकाळी तुमच्या पाठीमागे एका मुलीशी बोलत होती, तिला तुमची भाषा देत होती, हे तुम्हाला तिच्या जाण्यानंतर, एका परक्या देशातल्या हॉस्पिटलात कळत होतं. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, "मी फिरून आलो की ती फोनवर असायची. मला वाटायचं भावाशी बोलते." आणि मग, "तिने सांगायला मी जागा ठेवली नव्हती."

मग तुम्ही त्या वाक्यावर आलात. तुम्ही ते सावकाश, मुलांना शिकवतात तसं सांगितलंत. तमिळमध्ये मागणं आणि ऐकणं याला एकच क्रियापद. केट्टा म्हणजे तिने ऐकलं, आणि केट्टा म्हणजेच तिने मागितलं. "मी माझ्या बहिणीला म्हणालो, अव केट्टा, नांग केक्कलै. तिने मागितलं, आम्ही ऐकलं नाही. तू मागितलं होतंस. अम्माने डबा भरला होता. मीच पोस्टात नेऊ दिला नाही. त्या घराशी आपला संबंध नाही म्हणालो. मग बातमी आली. अम्मा शेवटपर्यंत मानायची की गरोदर बाईचं मागणं राहिलं म्हणून ते झालं. मी नाही मानत. पण या वेळी तुला ते मिळायला हवं होतं. तिचं वर्ष सरायची वाट बघितली असती तर उशीर झाला असता."

मी अधिरसम उचललं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, परीक्षेला बसल्यासारखे. कडेला कुरकुरीत होतं, आत मऊ, सुंठ जरा जास्त. मी एक संपवलं, दुसरं घेतलं. तुम्ही तेव्हा पहिल्यांदा माझं नाव घेतलंत, उच्चार चुकवून, आणि म्हणालात की पाणी पी.

त्यानंतर सगळं गोडच झालं असं नाही. लग्नाला का आला नाहीत, हे मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही उठून डेकवर गेलात. नात घरी आल्यावर तिच्या दुधावरून, तिच्या कपड्यांवरून आपण भांडलोही, पण तमिळमध्ये, आणि तुम्ही माझं व्याकरण सुधारत भांडायचात. व्हिसा संपला तेव्हा मुलाने राहा म्हटलं, तुम्ही राहिला नाहीत. तीन-चार वर्षांनी तिरुचीहून तुम्ही गेल्याचा फोन आला. तुमचा मुलगा तिकडे आला, मी लेकीला घेऊन इथेच थांबले.

मी पुढे तमिळ नीट शिकले. अक्षरं, व्याकरण, सगळं. आणि शिकताना एक गोष्ट समोर आली. केक्कलै या रूपात कर्ता कळतच नाही. मी ऐकलं नाही, तिने ऐकलं नाही, आम्ही ऐकलं नाही, सगळ्याला तेच. त्या दिवशी भिंतीपलीकडून 'नांग', आम्ही, हा शब्द मी ऐकला नव्हता. तो वाऱ्यात, दाराच्या खडखडाटात गेला असेल. किंवा तो नव्हताच, आणि वॉर्डात माझ्यासमोर बसून तुम्ही तो त्यात घातलात. तुम्ही असताना मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला तो शब्द तिथे हवा होता.

हे तुम्हाला कळू नये म्हणून तर हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे, अप्पा.